भुयार सापडलं का?

माझ्या नवऱ्याला प्रश्न विचारता येत नाहीत असं कुणी म्हणलं तर मी त्याच्या अंगावर धावून जाईन. मन्मथ नांदेडला एका मराठी न्यूज चॅनेलचा जिल्हा प्रतिनिधी हाय. एका नळयोजनेच्या इंजिनिअरला त्यानं कॅमेऱ्यासमोर विचारलं होतं, टाकी तर दिसायलीय साहेब, पाणी कुठं हाय? आणि तो भला दांडगा माणूस घाम पुसत गाडीत जाऊन बसला होता. तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणायच्या, तुझ्या नवऱ्याच्या जिभेला लई धार हाय बाई. मी मिरवायची, खोटं कशाला बोलू. घरात तर विचारूच नका. दूध आज पातळ का, लाईट बिल जास्त का, शेजारच्यांनी नवी गाडी कशावर घेतली, ह्या माणसाला सगळ्याची चौकशी पाहिजे.

म्हणून तर जीव जळतो. मुक्याला बोलता आलं नाही तर त्याला कोण बोल लावणार? ह्याला येत होतं. आमच्यात नवऱ्याला अहो-जाहो करतात, तोंडावर मी अजूनही करते. पण हे सांगताना मी त्याला 'तो'च म्हणणार. मला राग हाय.

शिवकुमार माझा धाकटा भाऊ. आमचं माहेर उदगीरचं. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, मोंढ्यात आडतीचं छोटं दुकान हाय. ईश्वरप्पा आडते म्हणलं की कुणीही दुकान दाखवील. आम्ही लिंगायत, पिढ्यान्पिढ्या तागडी धरणारी माणसं. घरातलं एकुलतं एक पोरगं फौजेत जायचं म्हणल्यावर अव्वानं चूलच पेटवली नव्हती. अव्वा म्हणजे आई. कर्नाटकाची शीव जवळ, त्यामुळं आमची निम्मी नाती कानडीत चालतात. पण शिवाला दुकानाच्या गादीवर बसायचंच नव्हतं. तुरीच्या धुरळ्यानं शिंका येतात म्हणायचा. गेला भरतीला, आणि पास होऊन आला.

दाजी-मेव्हण्याचं जमायचं मात्र झकास. सुट्टीला आला की उदगीरला जायच्या आधी नांदेडला उतरणार, आमच्याकडं जेवणार आणि मन्मथची खेचणार. काय दाजी, आज कुणाला रडवलं? मन्मथ म्हणायचा, तुझाच नंबर हाय, कॅमेरा चार्जिंगला लावलाय.

मग सीमेवरच्या एका गावात ऐन बाजाराच्या दिवशी स्फोट झाला. माणसं गेली, बायका गेल्या, फुगे घ्यायला उभी असलेली लेकरं गेली. ते खोटं नव्हतं, ते मी आधीच सांगते. मी टीव्हीसमोर बसून रडले. ज्यांनी केलं त्यांचं वाटोळं व्हावं असंच मला वाटलं, आजही वाटतं. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी सरकारनं सांगितलं की मारेकरी पलीकडच्या देशातून भुयार खोदून आले, ते भुयार अजून तिथंच हाय, त्यात दारूगोळा भरलेला हाय, आणि फौज पलीकडं घालून ते उडवलं नाही तर पुढचा स्फोट आपल्या शहरात होईल.

झालं. चॅनेलवाल्यांना भुयार सापडलं. म्हणजे खरं नाही, कॉम्प्युटरवर काढलेलं. पहिल्या दिवशी त्यातून माणूस वाकून चालायचा. मग त्यात दिवे आले. मग रूळ आले. आठवडा भरायच्या आत त्यातून ट्रक जायला लागले, आणि ती निवेदिका हातवारे करून सांगायची की इथं वळण आहे, इथं कोठार आहे. जणू बाई आत्ताच आतून झाडून आली. रोज फौजेतले दोन निवृत्त साहेब यायचे आणि जिंकल्यावर पलीकडची जमीन कशी वाटायची त्यावर भांडायचे. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. भुयार कुणी बघितलं, एवढं विचारायला मात्र कुणाला सवड नव्हती. मी आडत्याची लेक हाय. आमच्या मोंढ्यात पोत्यात हात घालून, मूठभर माल तळव्यावर फुंकून बघितल्याशिवाय कुणी सौदा करत नाही. इथं अख्खी लढाई चालली होती आणि पोत्याचं तोंडसुद्धा कुणी सोडलं नव्हतं.

शिवा त्याच भागात होता. कुठं ते सांगायची त्यांना मनाई असते, पण बहिणीला कळतं. एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला, मन्मथनं स्पीकर लावला.

"दाजी, तुमचं भुयार लई वाढायलंय की," शिवा म्हणाला. "आमच्या इथं एक पाइप हाय. पावसाच्या पाण्याचा. त्यातनं शेळी पण वाकून जाती."

आम्ही दोघंही हसलो. मग लक्षात आलं की तो हसत नाही. म्हणाला, आम्हाला जायला लावणार असं दिसायलंय. हुकूम आला की जायचं, त्याचं काही नाही, त्यासाठीच पगार घेतो. पण दाजी, तुम्ही एवढे पत्रकार हायत, एकानं तरी विचारा. भुयार बघितलं कुणी? मग त्यानं अव्वाच्या गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी आमचं भांडण झालं. मन्मथ म्हणाला, शिवाचं नाव बाहेर आलं तर त्याचं कोर्ट मार्शल होईल. मी म्हणलं, शिवाचं नाव कोण घ्यायला सांगतंय? प्रश्नाला कुणाचं नाव लागत नाही. तो म्हणाला, मी मुंबईच्या डेस्कला लिहिलं होतं की ह्याची खातरजमा कुणी केली. काय उत्तर आलं ते त्यानं मोबाइलवर दाखवलं. नुसता झेंडा होता, आणि खाली दोन जोडलेले हात. मी म्हणलं, मग तुम्ही तुमच्या तोंडानं विचारा. तो म्हणाला, माझ्या एकट्याच्या विचारण्यानं लढाई थांबणार हाय का? मी म्हणलं, नाही थांबली तर नाही, पण माझा भाऊ पाइपात मरायला जायच्या आधी त्याच्या दाजीनं एकदा विचारलं होतं, एवढं तरी मला कळू द्या.

त्याच आठवड्यात दिल्लीचे एक मंत्री नांदेडला येणार होते. गुरुद्वाऱ्यात दर्शन आणि मग पत्रकार परिषद. सकाळी मन्मथ लिंगपूजेला बसला होता. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात आपापलं इष्टलिंग असतं, सकाळी ते डाव्या तळव्यावर घेऊन पूजा करायची. त्या वेळी माणूस खोटं बोलत नाही. मी मुद्दाम तेव्हाच पुढ्यात जाऊन बसले. म्हणलं, आता सांगा, विचारणार का न्हाई?

त्यानं तळव्याकडं बघितलं. "विचारतो," म्हणाला. "लिंगाची आण."

मी माझ्याकडं शिकवणीला येणाऱ्या पोरांना सुट्टी दिली आणि टीव्ही लावून बसले. मंत्री बोलले, फुलं झाली, प्रश्न सुरू झाले. मध्येच मागून कुणाचा तरी आवाज आला आणि लगेच पडद्यावर स्टुडिओ आला, निवेदिका काहीबाही बोलत बसली. परत नांदेड दाखवलं तेव्हा माइक मन्मथच्या हातात होता. निळा शर्ट, मीच इस्त्री केलेला. मी उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले.

"साहेब," मन्मथ म्हणाला, "मराठवाड्यातल्या तरुणांना आपण आज काय संदेश द्याल?"

मी टीव्ही बंद केला. मला राग यायच्या आधी लाज वाटली. घरात कुणी नव्हतं, तरी वाटली.

तिथं काय झालं होतं ते तो घरी आल्यावर कळलं. नागसेन म्हणून एक पत्रकार हाय, स्वतःचं साप्ताहिक काढतो. तो मन्मथच्या आधी उठला आणि सरळ विचारलं, भुयार कुणी पाहिलं, आणि आम्हा पत्रकारांना ते कधी दाखवणार? मंत्री नुसतं पाणी प्याले. त्यांना बोलायची गरजच पडली नाही, पत्रकारच ओरडले. बस खाली, म्हणाले. कुणाचा माणूस हायस तू, म्हणाले. पोरं सीमेवर उभी हायत आणि तुला पुरावा पाहिजे का, म्हणाले. एकानं त्याच्या हातातला माइक ओढला आणि शेजारी मन्मथ होता, त्याच्या हातात दिला.

"सगळे माझ्याकडंच बघायलेते सृष्टी," मन्मथ म्हणाला. "माझ्या तोंडातून दुसरंच निघून गेलं."

मी विचारलं, नागसेनचं काय झालं? म्हणाला, उठून गेला. मी विचारलं, तुम्ही त्याला काही म्हणलात का? नाही म्हणाला. मी ताट वाढलं. माणसाला उपाशी ठेवणं मला जमत नाही. पण मी त्याच्या शेजारी जेवायला बसले नाही. नागसेनचा प्रश्न त्या दिवशी कुठल्याच चॅनेलवर दिसला नाही, दुसऱ्या दिवशी कुठल्याच पेपरात आला नाही.

मग लढाई लागली. आमच्या गल्लीत फटाके वाजले. उदगीरला मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांनी अप्पांना शाल घातली, जवानाचा बाप म्हणून. अप्पा भोळा माणूस, शाल घेऊन घरी आले आणि अव्वाच्याच खांद्यावर टाकली. अव्वा दिवसभर टीव्हीसमोर बसायची. तिला त्या लोकांची भाषा निम्मी कळायची नाही. ती नुसती धावणाऱ्या फौजींमध्ये शिवाचं तोंड शोधायची. एक शब्द तेवढा तिला पक्का झाला होता, भुयार. मला फोन करून विचारायची, भुयारात अंधार असंल का गं? त्याला ल्हानपणी अंधाराचं लई भ्या होतं, न्हाणीत जायचं तर मला दारात उभी करायचा. मी म्हणायची, अव्वा, बॅटऱ्या असतात त्यांच्याकडं. तिला तेवढ्यानं बरं वाटायचं.

एके दिवशी सकाळी मन्मथ दाढी करत होता तेव्हा डेस्कचा फोन आला. उदगीरचा एक जवान गेला आहे, तू तिकडचाच ना, घर माहीत आहे का? मन्मथनं नाव विचारलं. मग भिंतीला टेकला. अर्ध्या गालाला साबण तसाच. म्हणाला, माझा मेव्हणा हाय तो. तर डेस्कवरचा माणूस काय म्हणाला माहीत हाय? म्हणाला, सॉरी यार. मग पहिली प्रतिक्रिया आपल्याकडेच येईल.

ह्या धंद्यात 'पहिली प्रतिक्रिया' म्हणून एक चीज असते. मेलेल्या माणसाच्या घरी सगळ्यात आधी पोचायचं आणि आईचं तोंड टिपायचं. मन्मथनंही ती कितीदा आणली होती. त्या दिवशी त्यानं फोन बंद केला, मला गाडीत घातलं, आणि लोहा, कंधार, जळकोट करत आम्ही उदगीर गाठलं. रस्त्यात काय बोललो मला आठवत नाही.

पण आमच्या आधी इतर चॅनेलवाले पोचलेले होते. आणि अव्वाला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिला वाटलं, शिवाचं कौतुक विचारायला आलेत. अप्पा दुकानात गेलेले, म्हणून तीच पदर खोचून सगळ्यांसाठी चहा करत होती. ते लोक अंगणात कॅमेरे लावून बसले होते, तिच्या हातचा चहा पीत होते, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. फौजेचा माणूस येऊन सांगेल त्या घडीची वाट बघत होते. मला बघून अव्वा खुश झाली. म्हणाली, बरं झालं आलीस, ह्या लेकरांना साखर पुरंना, जरा शेजारून आण.

मन्मथ त्या कॅमेऱ्यांपुढं हात जोडून म्हणाला, बंद करा. कुणीही बंद केला नाही. एकजण हळूच म्हणाला, दादा, तुम्ही असता तर तुम्ही केला असता का बंद? मन्मथ आत आला, अव्वाच्या हातातली गाळणी काढून घेतली आणि तिला सांगितलं. ती काय म्हणाली, कशी पडली, ते अख्ख्या महाराष्ट्रानं बघितलं. मी परत सांगणार नाही.

शिवा घरी आला तोवर लढाई थांबली पण होती. शवपेटीबरोबर त्याच्याच तुकडीतला आदिनाथ आला होता, हदगावकडचा. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. खड्ड्याच्या एका अंगाला कोनाडा करतात, मांडी घालून त्यात बसवतात, डाव्या तळव्यावर त्याचं लिंग ठेवतात, वर विभूती आणि बेलाची पानं घालतात. माणूस पूजेला बसावा तसा बसलेला पाहिजे. अप्पांनी उभं राहून कोनाडा खोदून घेतला होता, पोरगं उंच हाय म्हणून चांगला मोठा. पेटी आल्यावर फौजेचे साहेब अप्पांना बाजूला घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, पेटी उघडू नका. अप्पा म्हणाले, साहेब, आमच्यात बसवावं लागतं. साहेबांनी त्यांचा हात धरला आणि नुसती मान हलवली. अप्पांना समजलं. बसवण्यासारखं काही आत नव्हतं.

मठपती स्वामी म्हणाले, ईश्वरप्पा, देवाला बसलेलं काय अन् निजलेलं काय, सगळं सारखंच. आदिनाथनं खिशातून शिवाचं लिंग काढून दिलं, ते तेवढं सापडलं होतं. ठेवायला तळवा नव्हता. अप्पांनी ते पेटीवर ठेवलं, छाती असंल अशा अंदाजानं. मग पेटी आडवी ठेवता यावी म्हणून अप्पांनी स्वतः कुदळ घेतली आणि तो कोनाडा फोडून खड्डा लांब करायला लागले. आमच्या घराण्यात आडवा निजवलेला शिवा पहिलाच. इकडं हे चाललेलं आणि तिकडं मन्मथच्या फोनवर डेस्कचा निरोप, अग्नी किती वाजता देणार, लाइव्ह घ्यायचं आहे. त्यानं कळवलं, पुरतात. परत निरोप आला, मग मशाल वगैरे काही नाही का? त्यानं फोन खिशात टाकला.

माती देऊन आल्यावर घराच्या मागं हौदाशी आदिनाथ हातपाय धूत होता. मी टॉवेल घेऊन गेले, मन्मथही आला. मी विचारलं, भाऊ, खरं सांगा, तिथं काय होतं? आदिनाथनं तोंड पुसलं, पुसतच राहिला.

"पाइप होता ताई," तो म्हणाला. "पलीकडं त्यांचं ठाणं होतं. भुयार म्हणून आम्हाला त्या पाइपावर घातलं, आणि ठाण्यावरून त्यांनी आम्हाला टिपलं. शिवा पुढं होता. आत गाळ होता नुसता."

मन्मथ हौदाच्या कडेला टेकला होता. मग उठला. मला म्हणाला, आज बोलतो. नाव घेणार नाही कुणाचं, पण जे हाय ते बोलतो, लाइव्ह, नोकरी जाऊ दे. आणि खरं सांगते, एवढ्या दुःखात मला त्याचा अभिमान वाटला. मनात आलं, शिवा, तुझा दाजी उठला रे बाबा, उशिरा का होईना. डेस्कला त्यानं फोन केला, मी घरूनच लाइव्ह देतो. त्यांना काय, आंधळा मागतो एक डोळा. त्याच्या कॅमेरामननं अंगणात कॅमेरा लावला. मन्मथनं माइक घेतला. शेजारी ओट्यावर अव्वा बसलेली होती, भिंतीला डोकं टेकून, तिला कसली शुद्ध नव्हती.

स्टुडिओतून निवेदिका काहीतरी लांबलचक बोलली, वीरमाता, बलिदान, असं. मग मन्मथची पाळी आली.

तो म्हणाला, "मला आज एक गोष्ट सांगायची आहे. शिवकुमार ज्या भुयारासाठी गेला, ते भुयार..."

हा शब्द ऐकला आणि अव्वानं डोळे उघडले. ती उठली. पडेल म्हणून मी धरायला गेले, तर तिनं माझा हात झटकला आणि मन्मथची बाही धरली.

"मन्मथप्पा," ती म्हणाली, "सापडलं का ते भुयार?"

नागसेनला ज्यासाठी गप्प केलं तो प्रश्न शेवटी चॅनेलवर विचारला गेला. माझ्या आईनं विचारला. आणि तिचं तोंड कसं होतं ते मी कसं सांगू? पोरगं दहावीला बसलेलं असताना दुपारी दारात उभी राहून ती ज्या तोंडानं पेपर कसा गेला विचारायची, तसं होतं. तिला पुरावा नको होता. आपलं लेकरू कशापायी गेलं एवढंच तिला हवं होतं, आणि ते मन्मथच्या हातात होतं.

मन्मथचे ओठ हलले. मी बघत होते. खरं त्याच्या तोंडापर्यंत आलेलं मला दिसत होतं.

"सापडलं अव्वा," तो म्हणाला.

तिला एवढ्यानं भागलं नाही. जावई काय, समजूत काढायला बोलेल. ती माझ्याकडं वळली. कॅमेराही वळला. "खरं का गं सृष्टी? तू माझ्याशी खोटं बोलू नको."

एवढे दिवस नवऱ्याला शिव्या घालणारी मी. लाज काढणारी, शपथा घालणारी मी. मला काय झालं, कुणास ठाऊक. मी नाही म्हणले असते तर ती मला विचारणार होती, मग माझा शिवा कशासाठी गेला? ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

"हाव अव्वा," मी म्हणले. "सापडलं."

अव्वानं मोठा श्वास सोडला. "मग असू दे," म्हणाली, आणि हळूच ओट्यावर बसली. आदिनाथ दाराशीच उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो आला, अव्वाच्या पायावर डोकं ठेवलं आणि माझ्याकडं न बघता गाडीत जाऊन बसला.

ते चित्र चॅनेलनं किती दिवस दाखवलं म्हणून सांगू. खाली पट्टी असायची, वीरमातेला मिळालं उत्तर. इतर चॅनेलवाल्यांनीही मागून घेतलं. सरकारनं नंतर भुयाराचं नावसुद्धा काढलं नाही, काढायची गरजच काय? नागसेननं आपल्या साप्ताहिकात लिहिलं, लढाई संपली, भुयार कुठं आहे? तर लोकांनी त्याला अव्वाचा व्हिडिओ पाठवला, बघ रे नालायका, शहिदाची आई काय म्हणते. नागसेनचा मन्मथला फोन आला होता. शिव्या नाही घातल्या, नुसतं विचारलं, दादा, खरंच सापडलं का? मन्मथनं फोन ठेवून दिला. आता तो घरात कशाचीच चौकशी करत नाही. दूध पातळ असो, घट्ट असो, गुमान पितो आणि कामाला जातो. मी त्याला काही बोलत नाही. कोणत्या तोंडानं बोलू?

परवा उदगीरला गेले तर अव्वा जरा सावरलेली वाटली, जेवली पण. मग मला जवळ बसवून म्हणाली, थंडी सरली की मला एकदा ते भुयार दाखवून आणा. मन्मथप्पाला म्हण, तुमच्या एवढ्या ओळखी हायत, तेवढी परवानगी काढा. शिवाला इथं बसवता आलं न्हाई. तिथं भुयाराच्या तोंडाशी विभूती लावते, बेल वाहते, घडीभर त्याच्याजवळ बसते. मी म्हणलं, अव्वा, लई लांब हाय ते. म्हणाली, असू दे की, गाडी जाईल तिथवर गाडीनं, पुढं मी चालीन.

गुडघे तसे दुखतातच तिचे. पण रोज सकाळी उठून ती अंगणातल्या अंगणात चालायची सवय करायलीय. अप्पांनी तिला नवे बूट आणून दिलेत.